शाळेचे गव्हर्नर व्हावं की कॉलेजचे? इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी एक तुलना

इंग्लंडमध्ये येऊन चार-सहा वर्षं झाली, मुलं शाळेत रुळली, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटू लागतं की इथल्या समाजासाठी आपणही काहीतरी करावं. तेव्हा पहिली नजर जाते ती मुलांच्या शाळेकडे. पालक गव्हर्नरची (गव्हर्नर म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्डाचा सभासद) जागा रिकामी आहे, इच्छुकांनी नाव द्यावं, असं पत्र शाळेतून येतं आणि आपण विचार करू लागतो. त्याच गावात बहुधा एक फर्दर एज्युकेशन कॉलेज असतं. त्याच्या बोर्डालाही चांगली माणसं हवी असतात, पण तिकडे आपलं कुणी फारसं फिरकत नाही. मी दोन्हीकडे काम केलं आहे. ज्यांना हिशेब, मनुष्यबळ, बांधकाम, आयटी किंवा आरोग्यसेवा यांतलं काही नीट कळतं, त्यांनी आधी कॉलेजचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हे काम सगळ्यांना झेपेल असं नाही, आणि ते का, हे आधीच कळलेलं बरं. (इथे लिहिलेलं फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.)

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या घरांत त्याची फारशी चर्चा होत नाही. आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि प्रौढांची रात्रशाळा एका छपराखाली आणली तर जे होईल, तसं हे असतं. सोळा वर्षांची मुलं टी-लेव्हल किंवा बीटेक (BTEC, पदवीचं बी.टेक. नव्हे) असे व्यावसायिक कोर्स करायला येतात. अप्रेंटिस मुलं आठवड्यातला एखादा दिवस कामावरून इथे शिकायला येतात. इंग्रजी शिकणारे निर्वासित येतात, आणि जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, इथल्या कामाच्या इंग्रजीचा सराव हवा असलेल्या आपल्या बायकाही येतात. नर्सिंगला जाण्यासाठी ॲक्सेस कोर्स करणारी चाळिशीतली आई असते. जीसीएसईला (इथली दहावीसारखी परीक्षा) इंग्रजी किंवा गणितात किमान '४' ही ग्रेड न मिळालेल्या मुलांना हे विषय पुढेही शिकावेच लागतात. २०१४ पासून कॉलेजचं अनुदान या अटीला बांधलेलं आहे, त्यामुळे नोव्हेंबर आणि उन्हाळ्यातल्या फेरपरीक्षांना कॉलेजचे मोठे हॉल भरलेले असतात. इंग्लंडमध्ये अशी दोनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे १६ लाख विद्यार्थी शिकतात.

मालक कोण?

खरा फरक इथून सुरू होतो. कौन्सिलच्या शाळेत, म्हणजे कम्युनिटी शाळेत, जमीन आणि इमारत कौन्सिलची असते आणि शिक्षकांची कायदेशीर मालकही कौन्सिलच असते. बजेट शाळेच्या हाती असतं, पण गाडी फारच घसरली तर कौन्सिल मध्ये पडतं. गव्हर्नरांची कामं मुख्यतः तीन असतात: शाळेची दिशा ठरवणं, मुख्याध्यापकांना शिक्षणाच्या दर्जाबद्दल जाब विचारणं आणि पैसा नीट खर्च होतोय का हे पाहणं.

कॉलेजांना १९९२ च्या फर्दर अँड हायर एज्युकेशन ॲक्टने कौन्सिलपासून वेगळं केलं आणि १ एप्रिल १९९३ पासून ती स्वतंत्र झाली. तेव्हापासून कॉलेजचं बोर्ड म्हणजेच कॉर्पोरेशन, कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र संस्था. जमीन, इमारती, कर्ज आणि शेकडो नोकरदार हे सगळं त्याच्या नावावर असतं. गव्हर्नर कायद्याने धर्मादाय संस्थेचे विश्वस्त ठरतात. प्राचार्यांची नेमणूक आणि त्यांचा पगार बोर्ड ठरवतं, आणि प्रसंगी त्यांना काढून टाकण्याचा निर्णयही बोर्डालाच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला 'विश्वस्त' म्हटलं की संस्थाचालक आठवतात. तसलं इथे काही नाही. गव्हर्नरला कुणाची नोकरी लावता येत नाही आणि कुणाचा प्रवेशही करून देता येत नाही. शाळेत गव्हर्नर झालात म्हणून धाकट्याला तिथे जागा मिळेल, ही आशा मनातून काढून टाका. दोन्हीकडे मानधन नसतं, प्रवासखर्च मिळू शकतो, आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला हितसंबंध जाहीर करावे लागतात.

एक धोक्याची सूचना. शाळा जर अकॅडमी, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्टने चालवलेली सरकारी अनुदानाची शाळा असेल आणि तिच्या ट्रस्टकडे अनेक शाळा असतील, तर स्थानिक गव्हर्नरांच्या हाती फार थोडं उरलेलं असू शकतं. कायदेशीर अधिकार ट्रस्टच्या विश्वस्तांकडे असतात, आणि त्यातले जेवढे ते खाली सोपवतील तेवढेच स्थानिक बोर्डाला मिळतात. अधिकारांच्या वाटपाचा कागद, म्हणजे 'स्कीम ऑफ डेलिगेशन', अर्ज करण्याआधी वाचा. त्यात स्थानिक बोर्डापुढे फक्त 'सल्ला' आणि 'माहिती' एवढंच लिहिलेलं असेल, तर आपला वेळ दुसरीकडे द्यावा असं मी सांगेन.

पैशाचं गणित

लहान प्राथमिक शाळेचं बजेट साधारण दहा-पंधरा लाख पौंडांचं असतं. त्यातला बहुतेक पैसा पगारात जातो आणि पगार राष्ट्रीय श्रेणीने ठरलेले असतात. मुलांची संख्या कळली की उत्पन्न कळतं. लंडनमधल्या बऱ्याच शाळांत सध्या पट घसरतोय, त्यामुळे हे गणितही दुखरं झालं आहे, पण समजायला सोपं आहे. दोन-तीन बैठकांत नवा माणूस त्यात रुळतो.

कॉलेजचं बजेट तीन-चार कोटी पौंडांचं असणं ही साधी गोष्ट आहे, आणि पैसा येण्याच्या वाटा अनेक. सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा पैसा मागच्या वर्षीच्या पटसंख्येवर मिळतो. सप्टेंबरमध्ये दोनशे मुलं जास्त आली तर वर्ग भरायचे, शिक्षक नेमायचे, आणि त्यांचे पूर्ण पैसे बहुतांशी पुढच्या वर्षी. प्रौढ शिक्षणाचा निधी लंडन, ग्रेटर मँचेस्टर, वेस्ट मिडलंड्स अशा भागांत महापौरांच्या यंत्रणेकडून येतो, त्यांच्या अटी वेगळ्या. अप्रेंटिसशिपचं उत्पन्न स्थानिक कंपन्या किती मुलं घेतात त्यावर अवलंबून. २०१७ पासून वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगारबिल असलेल्या कंपन्यांना त्यावरच्या रकमेचा अर्धा टक्का लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरावी लागते, आणि त्या पैशातून प्रशिक्षण घ्यायला ती कंपनी आपल्या कॉलेजकडे येईल की खासगी प्रशिक्षण संस्थेकडे जाईल, हे कॉलेजच्या हातात नसतं.

त्यात दोन अन्याय आहेत, आणि ते मला आजही टोचतात. पहिला व्हॅटचा. शाळा आणि अकॅडम्या खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळवतात, कॉलेजला ती सोय नाही. सतरा वर्षांच्या मुलासाठी घेतलेलं तेच लेथ मशीन शाळेला स्वस्त पडतं आणि कॉलेजला महाग. दुसरा पगाराचा. शाळांच्या शिक्षकांचे पगार सरकार ठरवतं. कॉलेजसाठी असोसिएशन ऑफ कॉलेजेस फक्त शिफारस करते, परवडेल तेवढं देणं बोर्डावर. गाड्यांचं काम शिकवणारा चांगला माणूस गॅरेजमध्ये जास्त कमावतो, इलेक्ट्रिशियनचं तर बोलायलाच नको. वाढ दिली तर ताळेबंद बिघडतो, नाही दिली तर वर्कशॉपला शिक्षक मिळत नाही. बोर्डावरचा सगळ्यांत अवघड मतदानाचा प्रसंग बहुतेक वेळा हाच असतो.

हे सगळं दर महिन्याच्या हिशेबाच्या कागदात दिसतं. मी आधी तीन आकडे शोधते: पगारावर उत्पन्नाच्या किती टक्के जातात, हातातल्या रोकडीवर किती दिवस निघतील, आणि मार्चमध्ये रोकड किती खाली जाईल. वर्षाच्या शेवटी फायदा दाखवणारं कॉलेजसुद्धा वसंतात पगारासाठी तंगीत येऊ शकतं. तुम्ही चार्टर्ड अकाउंटंट असाल किंवा एखाद्या कंपनीत रोकडीचा अंदाज बांधत असाल, तर या एका प्रश्नासाठीसुद्धा कॉलेजला तुमची गरज आहे.

बुडालेलं कॉलेज सरकार कसंही वाचवेल, असं पूर्वी गृहीत धरलं जायचं. टेक्निकल अँड फर्दर एज्युकेशन ॲक्ट २०१७ ने ते संपवलं. जानेवारी २०१९ मध्ये कॉलेजांसाठी दिवाळखोरीची पद्धत लागू झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात केंटमधलं शेतीशिक्षणाचं हॅडलो कॉलेज तिच्याखाली गेलेलं पहिलं कॉलेज ठरलं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉलेजांची गणना पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात झाली. त्यामुळे कर्ज काढायला आता शिक्षण खात्याची संमती लागते, आणि ऑगस्ट २०२४ पासून कॉलेजांना स्वतंत्र आर्थिक नियमपुस्तिका लागू आहे. म्हणजे जबाबदारी बोर्डाचीच राहिली आणि मोकळीक थोडी कमी झाली.

अंगावर काय येऊ शकतं?

शाळेचा गव्हर्नर प्रामाणिकपणे आणि सद्‌भावनेने वागला असेल तर त्याच्यावर वैयक्तिक देणं येत नाही. कॉलेजमध्येही नेटाने आणि विचाराने काम करणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण कॉलेज बुडणार हे स्पष्ट दिसत असूनही बोर्डाने, कॉलेज ज्यांचे पैसे देणं लागतं त्यांचं नुकसान वाढू दिलं, तर कंपनीच्या संचालकांप्रमाणे गव्हर्नरांनाही जाब विचारला जाऊ शकतो. बोर्डाचा विमा आहे का आणि त्यात काय येतं, हे मुलाखतीतच विचारा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

मुलांच्या जवळ कोण?

इथे शाळा पुढे आहे. शाळेचा गव्हर्नर वर्गात जाऊन बसतो, मुलांची वाचनाची प्रगती पाहतो, मुख्याध्यापकांशी आठवड्याला बोलू शकतो. आणि एक काम असं आहे की जे कॉलेजच्या गव्हर्नरवर कायद्याने येत नाही. मुलाला कायमचं काढून टाकलं, की तीन-चार गव्हर्नरांना बसून तो निर्णय तपासावा लागतो. एका बाजूला मुख्याध्यापक, समोर रडणारी आई आणि मान खाली घातलेला तेरा वर्षांचा मुलगा. मूल परत घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. हे काम जड आहे, आणि ते मनापासून करणारी माणसं प्रत्येक शाळेला हवी आहेत. ज्यांना मुलं आणि पालक यांच्याशी थेट नातं हवं आहे, त्यांनी शाळाच निवडावी.

कॉलेजच्या बोर्डावर तुम्ही थोडे दूर असता. कागद बरेच येतात, एका बैठकीचा गठ्ठा दोनशे पानांच्या वरही जातो. विद्यार्थी दिसतात ते भेटींत, किंवा बोर्डावरच्या विद्यार्थी गव्हर्नरांच्या तोंडून. म्हणून भेटी चुकवू नयेत. गवंडीकामाचं वर्कशॉप एकदा तरी पाहा. मुलं भिंती बांधतात त्या सिमेंट न घालता, चुना आणि वाळूच्या मसाल्यात. तपासनिसाने ओळंबा लावून, दोरी धरून गुण दिले की भिंत उतरवायची, विटा खरवडून साफ करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच विटांनी नवी भिंत. शाळेत दहा वर्षं 'जमत नाही' ऐकलेला मुलगा तिथे कोपरा काटकोनात आणतो आणि शिक्षकाला हाक मारून दाखवतो. बोर्डात पुढच्या महिन्यात त्या वर्कशॉपच्या धूळ ओढणाऱ्या यंत्रणेच्या खर्चावर चर्चा होते, तेव्हा ते कशासाठी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं.

आपल्या समाजात ग्रामर स्कूल, सिक्स्थ फॉर्म आणि रसेल ग्रुपची विद्यापीठं एवढाच रस्ता मानला जातो. या देशात तरुणांची एक मोठी संख्या दुसऱ्या रस्त्याने जाते. त्या रस्त्याच्या बोर्डावर इंजिनिअर, एनएचएसमधले डॉक्टर-नर्स आणि आयटीतले लोक बसले तर तिथल्या कोर्सना नोकरीच्या बाजारातलं खरं ज्ञान मिळतं. २०२२ च्या स्किल्स ॲक्टने तर आपले कोर्स परिसरातल्या कामांच्या गरजा किती भागवतात, याचा आढावा घेण्याचं कर्तव्यच बोर्डावर टाकलं आहे. हे काम बाहेरच्या जगात नोकरी करणाऱ्या माणसाशिवाय होत नाही.

वेळ

शाळेत वर्षाला साधारण सहा बैठका आणि काही भेटी, त्याही बहुधा संध्याकाळी. कॉलेजमध्ये बोर्डाच्या बैठका तेवढ्याच, पण शिवाय एक-दोन समित्या, एखादा पूर्ण दिवसाचा नियोजन मेळावा आणि वाचन. बैठका कधी कधी दुपारी चारला सुरू होतात. दोन्ही कामांसाठी नोकरदाराला वाजवी सुटी देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तिचा पगार देणं मालकाच्या मर्जीवर. नागरिकत्वाची अट नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर स्वयंसेवी काम करता येतं. दोन्हीकडे पोलीस पडताळणी होते, आणि एक टर्म सहसा चार वर्षांची असते.

आता निवड. घरात लहान मुलं आहेत, संध्याकाळीच मोकळीक मिळते आणि इथली शिक्षणपद्धत अजून नवी आहे, तर प्राथमिक शाळेपासून सुरुवात करा. त्यातही स्वतःच्या मुलाच्या शाळेऐवजी शेजारची शाळा घेतली तर मन मोकळं राहतं. कामावर लोकांची टीम सांभाळता, बजेट पाहता, अवघड प्रश्न चारचौघांत शांतपणे विचारू शकता, तर कॉलेजकडे जा. कॉलेज खुणावतंय पण धीर होत नाही, अशांसाठी मधला मार्ग आहे. अनेक कॉलेजं ऑडिट किंवा क्वालिटी समितीवर बाहेरचा सभासद घेतात, त्याला विश्वस्ताची जबाबदारी नसते. वर्षभर तिथे बसून पाहता येतं.

अर्जाआधी कॉलेजच्या गव्हर्नन्स डायरेक्टरांना (बोर्डाचं कामकाज सांभाळणारे अधिकारी) एक ईमेल लिहा आणि तीन गोष्टी मागा: मागच्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब, ऑफस्टेडचा (शाळा-कॉलेजं तपासणारी सरकारी यंत्रणा) शेवटचा अहवाल, आणि बोर्डाची एक बैठक मागे बसून ऐकण्याची परवानगी. कॉलेजांनी आपल्या बोर्डाच्या कारभाराचा दर तीन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून आढावा घ्यावा अशी शिक्षण खात्याची अपेक्षा आहे, त्याचा सारांशही मागून घ्या. बैठकीत कान एकाच गोष्टीकडे ठेवा: प्राचार्यांच्या अहवालानंतर कुणी प्रश्न विचारतं का, आणि त्याला आकड्यासह उत्तर मिळतं का. तसं होत असेल तर अर्ज भरा.