झेडपी, एनजीओ की सीबीएसई शाळा: नागपुरात शिक्षणात वर जायचं तर कुठून?

बीएड झालं, सात-आठ वर्षं पोट्टे शिकवून झाले, आता वर्गातून उठून शाळा चालवायच्या बाजूला जायचंय, असं विचारणारे बरेच भेटतात म्हणून एकदाच लिहितो. मी एनजीओत होतो, मग खासगी शाळेत, आणि बायको झेडपीत केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख, तिच्याकडे कुहीकडच्या शाळा आहेत.

सरकारीत दोन वाटा. झेडपी शिक्षक असाल तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, यात केस पांढरे होतात. दुसरी वाट म्हणजे एमपीएससी देऊन थेट गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाचा प्रमुख, पण त्याला वयाची अट, ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. आणि सरकारी म्हणजे पेन्शन असं समजू नका भाऊ, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन नाही. काम कसं, तर सकाळी दहाला ग्रुपवर "तात्काळ" म्हणून मेसेज, यू-डायसच्या (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती) दुरुस्त्या, आधार जुळत नाही म्हणून संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) पोरं कमी दिसतात अन् शिक्षकाचं पद धोक्यात. मागच्या पावसाळ्यात बायको एका शाळेत वाचन तपासायला गेली आणि दोन तास पोषण आहाराची ओली झालेली पोती हलवण्यात गेले. पण नंतर तिसरीच्या पोराला जोडाक्षर येत नाही हे दिसलं तेव्हा तिने मास्तरांना समोर बसवून विचारलं, महिन्याने परत जाऊन पाहिलं. तेच मी एनजीओतून गेलो असतो तर फक्त "सर, जरा बघता का" म्हणालो असतो.

एनजीओत मात्र शिकायला मिळतं ते कुठेच नाही. प्रथम या एनजीओने पोरांना इयत्तेप्रमाणे न बसवता येतं त्या पातळीप्रमाणे बसवून शिकवायची पद्धत रुजवली, असलं काही तिशीत स्वतः करून बघायला मिळतं, टीम हाताखाली येते. आकांक्षा ही दुसरी एनजीओ तर नागपूर महापालिकेसोबत शाळाच चालवते. अडचण पैशाची, बराचसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला दिलेला, म्हणून फेब्रुवारी लागला की पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे का याने सगळ्यांच्या पोटात गोळा.

खासगीचं थोडक्यात. अनुदानित संस्थेत मुख्याध्यापकी खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने, बाहेरून येऊन घाई करू नका. वर्धा रोड, बेसाकडच्या सीबीएसई शाळांत पगार बोलून ठरतो, प्रिन्सिपलचा अर्धा वेळ अॅडमिशन आणि पालकांच्या व्हॉट्सअॅपमध्ये जातो, आणि संचालकांच्या घरचे लोक टाइमटेबलमध्ये हात घालतात, मी पूर्ण बनवलेलं त्यांनी दोनदा बदललंय.

माझं मत विचाराल तर पस्तिशीच्या आसपास असाल तर आधी एमपीएससीचं बघा, बाकी दोन्हीकडे वय कोणी विचारत नाही. लहान असाल तर दोन वर्षं एनजीओ. फक्त मुलाखतीत विचारा की ग्रँट कधी संपते, आणि खासगी शाळेत विचारा की शिक्षकांच्या रजेवर सही कोणाची. मी विचारलं नव्हतं, जून उजाडल्यावर कळलं की सही संचालकांच्या भाच्याची.