कॉम्प्रेसर बदलल्याचे साडेसोळा हजार घेतले, बोल्टला पाना लागलाच नव्हता

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी गाडीचा एसी गरम वारा फेकायला लागला की काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझी आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. सात रस्त्याला सिग्नल लागला की ती ओला रुमाल डोक्यावर धरून बसायची आणि मला काही सुचायचं नाही. माझ्या या घाईचा एका गॅरेजवाल्याने पुरेपूर फायदा घेतला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी त्याने बॉनेट उघडलं, एका पाइपला हात लावला आणि म्हणाला, "ताई, गॅस संपलाय. दरवर्षी भरावाच लागतो." गॅसचा दाब मोजायचा मीटर लावला नाही, गळती बघितली नाही. अठराशे रुपये घेतले. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद पाइपांतून तोच तो फिरत असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो खरंच कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि आधी ती जागा शोधायला हवी. साबणाचं पाणी लावूनही पुष्कळदा सापडते, जॉइंटवर तेलकट डाग दिसतो.

गॅस भरून झाल्यावर त्याने पाण्याचा पाइप आणला आणि पुढच्या जाळीवर भरपूर पाणी मारलं. "कंडेन्सर धुऊन दिला, त्याचे पैसे नाही घेत." लगेच एसी लावला. हात गारठला माझा! समाधानाने पैसे दिले आणि निघाले. अर्ध्या रस्त्यात वारा पुन्हा गरम.

त्या पाण्यामागची चलाखी मला फार उशिरा कळली. कंडेन्सरचं काम गॅसमधली उष्णता बाहेर टाकण्याचं. त्याच्यावर गार पाणी पडलं की पाच-दहा मिनिटं बिघडलेला एसीही मस्त चालतो. म्हणून दुरुस्तीनंतरची तपासणी कोरड्या गाडीवर, भर उन्हात, गाडी जागेवर उभी ठेवून करायची, आणि निदान पंधरा मिनिटं. माझ्याकडून त्याने ती एकदाही होऊ दिली नाही. दुसऱ्या खेपेला आणखी हजाराचा गॅस भरला आणि पुन्हा जाळी धुतली.

मधे एकदा मोहोळला जाऊन आले. हायवेला ऐंशीच्या वेगात एसी एकदम गार, टोलनाक्याच्या रांगेत उभी राहिले की गरम. हे मी त्याला नीट सांगितलं. खरं तर या एका वाक्यातच बिघाड काय आहे ते आलं होतं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे कॉम्प्रेसर वीक झालाय. रिकंडिशन बसवतो, साडेसोळात." गाडी दोन दिवस ठेवून घेतली. परत देताना बॉनेट उघडून चकचकीत चंदेरी कॉम्प्रेसर दाखवला. जुना मागितला तर म्हणाला, तो एक्स्चेंजमध्ये गेला. मी तेवढ्यावर गप्प बसले. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कृपा करून.

चार दिवसांत आईला परत ओला रुमाल. मग शेजारच्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं, साठीच्या आसपासचा माणूस. त्याने पहिल्यांदा विचारलं, "रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम, असं होतं का?" हो म्हटल्यावर एसी चालू करून त्याने पुढच्या जाळीतून आत बघायला लावलं. कंडेन्सरचा फॅन फिरतच नव्हता. गाडी धावत असताना समोरचा वारा फॅनचं काम करतो, उभी राहिली की कंडेन्सरला वारा नाही. माझ्या गाडीत रेडिएटरचा फॅन वेगळा आहे, त्यामुळे इंजिन तापलं नाही आणि मला संशय आला नाही. त्याने मीटर लावला. एवढ्या उन्हात दाबाचा लाल काटा अडीचशेच्या आसपास हवा, तो चारशेकडे गेला आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. त्यात गॅसही जास्त. बॉनेटखालच्या स्टिकरवर 380 ग्रॅम छापलंय, मशीनने काढला तर 610 ग्रॅम निघाला.

मग त्याने मोबाइलचा टॉर्च कॉम्प्रेसरच्या खालच्या बाजूला मारला. वरून दिसणाऱ्या भागावर चंदेरी स्प्रे, खाली वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून काळी खपली झालेली. बोल्टच्या खाचांत ती खपली जशीच्या तशी. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर तुकडा निघाला. "ताई, ह्या बोल्टला पाना लागलेलाच नाही. तुमचाच कॉम्प्रेसर आहे हा." माझे हातपाय गार पडले. त्याला तिथेच थांबवून आधी सगळ्याचा व्हिडिओ काढला, मग पुढचं काम करायला सांगितलं.

फॅनची मोटर बदलली, व्हॅक्यूम मारून म्हणजे पाइपांतली हवा ओढून काढून मोजून गॅस भरला, पक्क्या बिलासकट 4,200 रुपये. भर दुपारी अर्धा तास उभ्या गाडीत बसून बघितलं, गार.

तो व्हिडिओ घेऊन मी भावासोबत गॅरेजवर गेले. आधी "पोराने काम केलं, मला माहीत नाही", मग बराच आवाज चढल्यावर दहा हजार परत. बाकीच्यासाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर ना नाव ना जीएसटी नंबर. माझ्याकडे पुरावा आहे तो यूपीआयच्या नोंदीचा आणि व्हिडिओचा. रोख दिले असते तर तेही हातात नसतं.

यंदा कोणी कॉम्प्रेसर बदलून घेतला असेल तर इंजिन धुवायला देण्याआधी टॉर्च घेऊन त्याचे बोल्ट खालून एकदा बघा. धुतल्यावर ती खपली जाते, मग काही दाखवता येत नाही.