राउटरचं फर्मवेअर व्हीएममध्ये: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

गेले बरेच महिने ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवतोय, म्हटलं आता नीट लिहावं. इंदिरानगरला आमच्या घरी राउटर एकच, बहिणीचं वर्क फ्रॉम होम त्यावरच, शिवाय मावसभावाच्या कॉलेज रोडच्या क्लासचं नेटवर्कही मीच बघतो, तिथे टेस्ट सुरू असताना नेट गेलं तर पोरांचं नुकसान. चालू राउटरवर प्रयोग करायला जागाच नाही, म्हणून व्हीएम.

इमेज (ओपनडब्ल्यूआरटीची तयार डिस्क-फाइल) एक्स८६-६४ ची, म्हणजे साध्या पीसीच्या प्रोसेसरची घ्यायची, कंबाइन्डवाली (बूट आणि सिस्टिम एकाच फाइलमध्ये), आणि शक्यतो स्क्वॅशएफएस फाइलसिस्टिमची, कारण तिच्यात फॅक्टरी रिसेट खऱ्या राउटरसारखा होतो, एक्स्ट४ या दुसऱ्या प्रकारात ती सोय नाही. अनझिप करताना फाइलच्या शेवटी कचरा आहे अशी वॉर्निंग येते, घाबरू नका, तिथे मेटाडेटा जोडलेला असतो. मग व्हीडीआयमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क-फाइलचा प्रकार) कन्व्हर्ट केलं की झालं. रॅम मी २५६ एमबी दिलीये, १२८ मध्येपण भागतं.

नवीन लोक अडकतात ते नेटवर्कमध्ये. व्हीएमचं पहिलं नेटवर्क कार्ड लॅन (घरातलं नेटवर्क) असतं आणि त्याचा आयपी १९२.१६८.१.१, आता निम्म्या घरांत खऱ्या राउटरचा पत्ताही हाच असतो. म्हणून पहिलं कार्ड होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉपशी जोडलेलं) ठेवा, कन्सोलवर एंटर दाबून आत जा आणि सगळ्यात आधी लॅनचा आयपी बदला, मी १९२.१६८.५६.२ ठेवलाय. दुसरं कार्ड नॅट (लॅपटॉपच्या नेटवरून बाहेर जाणारं), ते वॅन (इंटरनेटची बाजू) होतं आणि आपोआप १०.०.३.१५ असा आयपी घेतं.

खरी मजा तिसऱ्या कार्डात आहे. ते इंटर्नल नेटवर्कवर (फक्त व्हीएम-व्हीएममधलं) टाकलं, त्याचा गेस्ट झोन (फायरवॉलमधला पाहुण्यांचा वेगळा गट) केला आणि पलीकडे एक हलकी लिनक्स व्हीएम क्लायंट म्हणून जोडली. क्लासला विद्यार्थ्यांचं नेट ऑफिसच्या कॉम्प्युटर आणि प्रिंटरपासून वेगळं हवं होतं, त्याची सगळी तालीम इथेच केली. गेस्ट झोनचं इनपुट (राउटरकडेच येणारी विनंती) रिजेक्ट ठेवलं की क्लायंटला आयपीच मिळत नाही, स्क्रीनवर नुसतं आयपी मागणारं डिस्कव्हर, डिस्कव्हर येत राहतं. यूडीपी ६७ चा (आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीचा पोर्ट) रूल टाकला की लगेच लीज, म्हणजे आयपी मिळतो, पण वेबसाइट तरी उघडत नाही, कारण डीएनएसचा (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) ५३ पोर्ट अजून बंदच असतो. तोही उघडायचा, मग गेस्टवरून वॅनकडे फॉरवर्डिंग द्यायचं आणि लॅनकडे द्यायचं नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की फायरवॉलचं पान वाचताना प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते कळतं. आणि प्रत्येक बदलाआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती), काही बिघडलं तर काही सेकंदांत मागे!

आता मर्यादा. वायफाय टेस्ट होत नाही, व्हीएममध्ये रेडिओच नाही. हार्डवेअर सिम्युलेटरचं कर्नल मॉड्यूल आहे, त्याने सेटिंगची पानं दिसतात पण रेंज, चॅनेल, स्पीड यातलं काही समजत नाही. एसक्यूएम (लाइन भरली तरी नेट अडखळू नये म्हणून ट्रॅफिकला शिस्त लावणारी सोय) लावून बघितलं, चालतं, पण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर मिळालेल्या आकड्यांवरून छोट्या राउटरचा अंदाज बांधू नका. जागेचंही तसंच, व्हीएममध्ये रूट पार्टिशन साधारण १०० एमबीचं, छोट्या राउटरला फ्लॅश (साठवणीची जागा) अनेकदा १६ एमबी, त्यामुळे इथे आरामात बसलेलं पॅकेज तिथे मावेलच असं नाही. आणि व्हीएमची नेटवर्क फाइल जशीच्या तशी राउटरवर टाकायची नाही हं! इथे कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं, राउटरवर बऱ्याचदा लॅन१, लॅन२, वॅन, म्हणजे थेट बाहेरच लॉक व्हाल. फायरवॉल आणि डीएचसीपीच्या फाइल्स मात्र झोन आणि इंटरफेसची नावं सारखी ठेवली तर जवळपास तशाच चालतात, मी त्याच नेतो.

ज्याला फक्त पासवर्ड बदलायचाय त्याने या भानगडीत पडू नये. पण दुसऱ्याचं नेटवर्क सांभाळत असाल तर मी म्हणेन लावाच, पैसे लागत नाहीत आणि जुना लॅपटॉपही पुरतो.

सध्या अपग्रेडची तयारी चालू आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या २४.१० आवृत्तीपर्यंत पॅकेज मॅनेजर (जादा प्रोग्राम टाकणारं साधन) ओपीकेजी होता, पुढे एपीके आलाय, म्हणजे माझ्या जुन्या स्क्रिप्टमधल्या कमांड बदलाव्या लागणार. वरून टाकलेली पॅकेजेस साध्या सिसअपग्रेडमध्ये (फर्मवेअर बदलायची कमांड) उडतात, फक्त सेटिंग राहतात, म्हणून व्हीएममध्ये यादी काढून एकेक परत टाकून बघतोय. सगळं बसलं की क्लासच्या राउटरवर सुट्टीच्या दिवशी करायचं, मावसभावाला तसं सांगून ठेवलंय.