ट्रिंबाख की ह्यूगेल? अल्सासच्या दोन वाइन घराण्यांतून निवड करताना

फ्रान्सच्या ईशान्य टोकाला, वोज डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, रिबोविले आणि रिकवीर ही दोन गावे एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत. पहिल्या गावात ट्रिंबाख घराणे १६२६ पासूनचा वारसा सांगते, तर दुसऱ्या गावात हान्स उलरिक ह्यूगेल याला तीस वर्षांच्या युद्धाने होरपळलेल्या काळात, १६३९ साली, नागरिकत्व मिळाले. दोन्ही घराण्यांची मालकी आजही कुटुंबाकडेच आहे. अल्सास १८७१ मध्ये जर्मनीकडे, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे आणि १९४० ते १९४५ या काळात परत जर्मनीच्या ताब्यात गेला, तरी दोघांच्या बागा टिकून राहिल्या. म्हणून स्थापनेच्या सालावरून यांच्यात निवड करण्यात अर्थ नाही. वाइनमधल्या गोडव्याकडे कोण कसे पाहते, हा खरा निकष आहे.

ट्रिंबाख घराण्याची भूमिका स्पष्ट आहे. रसातील साखर आंबून पूर्ण संपू द्यायची, आणि आंबटपणा मवाळ करणारे दुसरे, जिवाणूंमुळे होणारे किण्वन होऊ द्यायचे नाही. त्यामुळे त्यांची रीसलिंग (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन) कोरडी, ताठ आणि तरुणपणी काहीशी अबोल लागते. या विचाराचे सर्वोच्च रूप म्हणजे ‘क्लो सांत यून’. युनावीर गावाजवळच्या रोझाकर या ‘ग्रां क्रू’, म्हणजे अल्सासच्या सर्वोच्च दर्जाच्या, चुनखडीयुक्त उतारावरील अवघ्या १.६७ हेक्टरची ही बाग असून, तिच्या नावाने पहिली वाइन १९१९ च्या हंगामाची निघाली. बाटलीबंद केल्यावरही ती काही वर्षे तळघरातच मुरवली जाते. उत्पादन इतके थोडे असल्याने किंमत फार चढी असते, आणि पहिल्यांदाच अल्सासची वाइन घेणाऱ्याने तिच्या मागे लागू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गाइसबर्ग आणि ओस्टरबर्ग येथील द्राक्षांची ‘क्युवे फ्रेदेरिक एमिल’ त्याच शिस्तीची ओळख बऱ्याच कमी पैशांत करून देते.

ह्यूगेल यांच्या नेहमीच्या वाइनही बहुतांशी कोरड्याच असतात. परंतु घराण्याचे मोठे योगदान उशिरा तोडणीच्या वाइनमध्ये आहे. घड वेलीवर नेहमीपेक्षा जास्त काळ ठेवले की मण्यांतील साखर वाढते, आणि शरद ऋतूत विशिष्ट बुरशी धरली की पाणी उडून रस अधिक दाट होतो. या वाइनसाठी द्राक्षांत किती नैसर्गिक साखर हवी, हे ठरवणारे आणि रसात वरून साखर घालण्यास मनाई करणारे नियम १९८४ मध्ये लागू झाले. त्यांच्यामागे जाँ ह्यूगेल यांचा पुढाकार होता. एका कुटुंबाने स्वतःवर घातलेले बंधन पुढे संपूर्ण प्रदेशाचा कायदा व्हावे, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही बाटलीपेक्षा मोठी वाटते. रिकवीरच्या तळघरात १७१५ सालचे ‘सेंट कॅथरीन’ नावाचे लाकडी पिंप आजही वापरात आहे, त्यामुळे इतिहास प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पारडे ह्यूगेलकडे झुकते.

एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. ‘ग्रां क्रू’ बागांच्या सीमा फार सैल आखल्या गेल्या, असे मानून दोघांनीही तो दर्जा अनेक वर्षे लेबलवर छापला नाही. अलीकडे ही भूमिका दोन्हीकडे सौम्य झाली आहे. जुन्या बाटल्या निवडताना तो शब्द दिसला नाही म्हणून त्यांना कमी लेखू नये.

तळलेले पापलेट किंवा सुरमई यांच्याबरोबर मी निःसंशय ट्रिंबाखची रीसलिंग घेईन, कारण तिचा आंबटपणा तेथे लिंबाच्या फोडीचे काम करतो. तिखट रश्श्यापुढे तीच वाइन कठोर वाटते; तेथे ह्यूगेलची सुगंधी गेवुर्त्सत्रामिनेर (याच नावाच्या द्राक्षांची वाइन) अधिक सामावून घेते. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर ह्यूगेलची अनेक जातींच्या द्राक्षांपासून केलेली ‘जांती’ पुरेशी आहे. उशिरा तोडणीची वाइन जेवणाबरोबर न घेता जेवणानंतर, थंड करून, थोडीच घ्यावी. २०२१ च्या हंगामापासून अल्सासच्या साध्या वाइनच्या लेबलवर गोडव्याची पातळी लिहिणे बंधनकारक झाले आहे. तेथे ‘सेक’ लिहिले असेल तर वाइन कोरडी समजावी.