गडगा, आबा आणि कलम ५२

जूनच्या पावसात परड्यातला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, कोसळला. दिवाळीनंतर परत घालायला गडी सांगितले, तर शेजारचे आबा म्हणाले, "गे, आधी पंचायतीची परवानगी घे." गडग्याला कसली परवानगी? मोबाइल घेऊन विहिरीपाशी गेले. रेंज काय ती तिथेच.

'गडगा परवानगी' टाकून काही हाती लागत नाही, कायद्याचं नावच लागतं: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. साल १९५८, पण क्रमांक १९५९ चा ३, त्यामुळे दोन्ही सालं टाकून बघायची. त्यात नावही बदललेलं. मथळ्यावर 'मुंबई ग्रामपंचायत' दिसलं की प्रत जुनी समजा. मी पहिल्या दिवशी नेमकी तीच उतरवून घेतली. स्कॅन केलेली, म्हणजे नुसते पानांचे फोटो. 'भिंत' शोधलं तर निकाल शून्य. बोटाने पानं सरकवत कलम ५२ गाठलं: इमारत बांधायला किंवा पुन्हा बांधायला पंचायतीची पूर्वपरवानगी. इमारत! माझा तर गडगा. जिंकल्याच्या आनंदात आबांनाही चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी इंडिया कोडवर, म्हणजे सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर, गेले. भाषा इंग्रजी, पण शब्द शोधता येतो. 'वॉल' टाकलं आणि कलम ३ मधली व्याख्या पुढ्यात: इमारतीत झोपडी, छपरी, भिंत, व्हरांडा, जोतं, अगदी दारातली पायरीसुद्धा. चहा फुकट गेला. व्याख्या आधी वाचायच्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शासन निर्णयांचं संकेतस्थळ मात्र मला आवडलं. विभाग निवडा (आपला ग्राम विकास), तारीख द्या, मराठीतच मिळतं. प्रत्येक निर्णयाला लांबलचक सांकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. कोणी नुसता आकडा सांगितला तरी निर्णय साधारण कधीचा ते कळतं. फक्त शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे, ही गल्लत आमच्याकडे चावडीवर रोज होते.

इंडिया कोड आणि शासन निर्णय, या दोन्ही संकेतस्थळांना मिळून साडेतीन तारे. आमच्या पंचायतीचे स्वतःचे ठराव मात्र मला ऑनलाइन कुठेच सापडले नाहीत, त्यांना तारे द्यायचे तरी कुठे? ठराव वहीत, वही कपाटात, किल्ली ग्रामसेवकांकडे आणि त्यांच्याकडे तीन गावं.

अर्जात कलम ३ आणि ५२ दोन्ही लिहिली. शिपायाने अर्ज दोनदा वाचला, सातबारा मागितला आणि हळूच विचारलं, "वहिनी, ह्यां खंय गावलां?"