दर सोमवारी बसणारी बॅटरी आणि आधी मोजून मग बोलणारे मिस्त्री

खानापूर रस्त्यावर, उद्यमबागेच्या अलीकडच्या एका गल्लीत असलेल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या छोट्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे. दुकानावर मोठी पाटी नाही आणि एका वेळी दोनच गाड्या आत उभ्या राहू शकतात. तरीही जुनी गाडी विकत घेऊन तिच्या वायरिंगने हैराण झालेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांना तिथे झालेल्या कामाची माहिती उपयोगी पडेल, असे मला वाटते.

माझी गाडी २००६ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. ती मी कोल्हापूरहून घेतली. सीमेपलीकडची गाडी घेताना आपण ना हरकत दाखला, कर, नवा नंबर या कागदांच्या मागे इतके लागतो, की डॅशबोर्डच्या मागे आधीच्या मालकांनी काय काय जोडून ठेवले आहे, हे पाहायचे राहूनच जाते. माझेही तसेच झाले. मी खानापुरात राहतो आणि नोकरीसाठी सोमवार ते शनिवार बेळगावला ये-जा करतो. पहिल्या पावसाळ्यापासूनच गाडी अधूनमधून सकाळी सेल्फ घेईनाशी झाली. एका गॅरेजने बॅटरी बदलली, तिचे ४,२०० रुपये झाले. चार महिन्यांत पुन्हा तेच सुरू झाले, तेव्हा दुसऱ्या गॅरेजने डायनामो चार्जिंग करत नाही असे सांगून तोही बदलला आणि ५,५०० रुपये घेतले. दोन्ही ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत कोणी मीटर लावला नाही. गाडी मात्र होती तशीच राहिली.

या दुकानातल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला एकच प्रश्न विचारला : “सर, कुठल्या वारी चालू होत नाही वो?” मी आठवू लागलो, तेव्हा प्रत्येक वेळी सोमवारच निघाला. रविवारी माझी गाडी दिवसभर उभी असते. मामा म्हणाले, “मग बॅटरी नव्हं सर, करंट कुठंतरी गळतोय. आधी किती जातोय ते बघूया की.” इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, हे नीट विचारून घेणाऱ्या माणसाच्या हातात गाडी द्यावी, हे मला तिथे उभ्याउभ्याच पटले.

त्यांनी आधी बॅटरीचा दाब मोजला. इंजिन बंद असताना मीटर १२.१ व्होल्ट दाखवत होता. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ दाखवते, म्हणजे ती निम्म्याच्या आसपास उतरलेली होती. इंजिन चालू केल्यावर आकडा १४.१ वर गेला, तेव्हा डायनामोवरचा संशयही गेला. त्यानंतर किल्ली काढून घेतली, आतला दिवा लागू नये म्हणून दाराच्या चौकटीतली बटणे चिकटपट्टीने दाबून ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि तिच्या व बॅटरीच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावला. या जोडणीत चुकूनसुद्धा सेल्फ मारायचा नसतो, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. म्हणून मामांनी गाडीची किल्ली सरळ माझ्या खिशात ठेवायला सांगितली. दहा-पंधरा मिनिटे कोणी गाडीला हात लावला नाही. मग मीटरकडे बसलेल्या दुकानातल्या मुलाने कन्नडमध्ये आकडा वाचला : “मुन्नूर ऐवत्तु.” साडेतीनशे मिलिअँपिअर. उभ्या गाडीत वीस ते पन्नासपर्यंत चालते, असे मामा म्हणाले.

हा आकडा लहान वाटतो, पण हिशेब केला की तो किती मोठा आहे ते कळते. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी काढेपर्यंत साधारण ३६ तास जातात. ०.३५ अँपिअरने तेवढ्या वेळात साडेबारा अँपिअर-अवर निघून जातात आणि माझी बॅटरी मुळात ३५ची आहे. रोजच्या तासाभराच्या प्रवासात ती कधीच काठोकाठ भरत नाही, त्यामुळे सोमवारी सेल्फ फिरवण्याइतका जोर तिच्यात उरत नसे. सोमवार ते शनिवार या दिवसांमधल्या रात्रींची गळती दुसऱ्या दिवशीच्या प्रवासात कशीबशी भरून निघायची. नवी बॅटरी घातल्यावर चार महिने बरे गेले, ते ती ताजी होती म्हणूनच.

पुढचा भाग पाहण्यासारखा होता. मामा एकेक फ्यूज उपसत होते आणि मुलगा आकडे सांगत होता. मुन्नूर ऐवत्तु, मुन्नूर ऐवत्तु, पुन्हा तेच. रेडिओ आणि आतल्या दिव्याचा फ्यूज निघाला आणि तो एकदम म्हणाला, “इप्पत्तु!” वीस. तो फ्यूज मामांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा होता. त्या जागी निळा, १५चा असायला हवा होता. पूर्वी कधी तो वारंवार उडत असावा आणि कोणीतरी कारण न शोधता दुप्पट क्षमतेचा बसवला असावा. असे केले की काही शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते आणि आग लागण्याची भीती असते. हे ऐकल्यावर त्या गाडीतून मी मुलांना शाळेत सोडत होतो, हे आठवून मला खरोखर धास्ती वाटली.

त्या फ्यूजवरच्या वस्तू एकेक करून सोडवल्यावर दोष टेपमध्ये, म्हणजे गाडीतल्या रेडिओच्या जोडणीत, सापडला. बाहेरून बसवलेल्या टेपला साधारणपणे पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची आणि लाल वायर किल्लीवरून येणारी असते. पिवळीमुळे फक्त घड्याळ आणि स्टेशने लक्षात राहतात, लालमुळे टेप जागा होतो. माझ्या गाडीत दोन्ही एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्याला जोडल्या होत्या. वर गुंडाळलेल्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाने वितळून काळा झाला होता. म्हणजे बटणाने बंद केला तरी तो टेप आतून रात्रभर जागाच राहत असे. मामांनी लाल वायर किल्लीच्या पुरवठ्यावर नेली, सांधे पिळून न ठेवता डाख देऊन जोडले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि फ्यूज १५चा बसवला. पुन्हा मोजले तेव्हा आकडा वीसच होता.

दुसरी तक्रार मी सहज म्हणून सांगितली होती. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर इंडिकेटरचा हिरवा दिवा मंद उजळायचा आणि मागचा डावा लाल दिवा फिका पडायचा. मामांना बाकी काही विचारावे लागले नाही. “अर्थ गेलाय मागचा.” दिव्यातून गेलेला करंट बॉडीमार्फत बॅटरीकडे परततो, त्या जोडणीला अर्थ म्हणतात. ती वाट गंजली की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, म्हणून भलताच दिवा उजळतो. डिकीतले अस्तर उचलल्यावर एका बोल्टखाली लालसर गंजाची पूड निघाली. खानापूरच्या पावसाची चार महिन्यांची संततधार आणि दिव्याभोवतीचे कडक झालेले रबर यांचा तो परिणाम होता. ब्रेक दाबून दिव्याचा अर्थ आणि बॉडी यांच्यात मोजले तेव्हा २.१ व्होल्टची घट दिसली. ती ०.२च्या आत असावी लागते. बोल्ट घासून, नवा लग लावून, ग्रीस फासल्यावर मीटरने ०.०५ दाखवले. या कामाला वीस मिनिटेही लागली नाहीत.

हेडलाइटच्या मंद प्रकाशावर मला आधी ९०/१०० वॅटचे बल्ब घालण्याचा सल्ला मिळाला होता. अनमोड घाटाकडे रात्री जाणे होते, त्यामुळे मी तयारही होतो. मामांनी बल्बच्या तोंडाशी मोजले तर इंजिन चालू असूनही जेमतेम १०.८ व्होल्ट पोहोचत होते. जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून वाटेतच तीन व्होल्ट हरवत होते. जास्त वॅटचा बल्ब घातला असता, तर तो स्विच आणखी तापला असता. त्यांनी रिले, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा खटका, बसवून बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि तेच ६०/५५ वॅटचे बल्ब ठेवले. आता तिथे १३.४ मिळतात आणि रस्ता स्वच्छ दिसतो.

सगळ्या कामाचे २,३५० रुपये झाले. त्यांत रिले आणि वायरचे ७५०, किरकोळ सामानाचे २०० आणि मजुरीचे १,४००. नवा भाग फारसा न बसवता एवढी मजुरी कशाची, असे काही जणांना वाटेल. माझ्या शेजाऱ्यांनाही तसेच वाटले. पण वायरिंगच्या कामात दोष सापडणे हेच काम असते. त्याआधी ९,७०० रुपये मी न बिघडलेल्या वस्तू बदलण्यात घालवले होते, त्यामुळे ही मजुरी मी समाधानाने दिली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गाडी दोन दिवस ठेवावी लागली आणि फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही. खर्चाचा अंदाज आधी मिळत नाही आणि बिल मागितल्यावरच वहीच्या कागदावर लिहून मिळते, तेव्हा ते आवर्जून मागावे. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या संगणकाचे दोष वाचण्याचे यंत्र त्यांच्याकडे नाही. नव्या गाड्यांच्या मालकांना ते स्वतःच दुसरीकडे पाठवतात.

काम होऊन आता पाच महिने झाले. या काळात एकाही सोमवारी गाडीला धक्का द्यावा लागलेला नाही. पेट्रोलचा काटा मात्र अजून निम्म्यावर अडकतो. त्यासाठी टाकीतला फ्लोट काढून पाहावा लागेल आणि टाकी जवळजवळ रिकामी असताना गाडी घेऊन या, असे मामांनी सांगितले आहे. पुढच्या शनिवारी मी ती घेऊन जाणार आहे.