लोणारला पावसात एकट्याने धावायचं: कड्यावरून की पाण्याकडेने?

लोणारच्या विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. म्हणजे वरच्या कड्याने पूर्ण फेरी सहा किलोमीटरच्या आसपास होते. खाली पाण्याकडेने ती चारच्या घरात, पाणी किती चढलंय त्यावर कमी-जास्त. खालची फेरी ऐकायला बरी वाटते: अंतर कमी, वारा कमी, डोक्यावर झाडी. हिवाळ्यात ती खरंच सुरेख आहे. पण झड लागलेली आणि सोबत कोणी नाही, अशा दिवशी माझं मत वरच्या बाजूने.

कारण एकच, बाहेर पडण्याची सोय. वर पाय मुरगळला तर लंगडत का होईना, बाहेरच्या उताराने शेतात, सडकेवर निघता येतं. खाली मुरगळला तर सुमारे 137 मीटरचा चढ समोर उभा. त्यात वाडग्यावर पडलेला सगळा पाऊस ज्या वाटांनी खाली येतो, त्याच वाटांनी तुम्हाला वर चढायचंय. काळा दगड शेवाळलेला असतो. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाच्या बाजूला पाणी वाढलं की वाट चक्क पाण्यात जाते, मग विलायती बाभळीच्या काट्यांतून घुसावं लागतं. शिवाय हे अभयारण्य आहे, बिबट्याचाही वावर आहे, त्यामुळे वनखात्याला विचारल्याशिवाय उतरूच नये. खोलगटात मोबाईलच्या रेंजवर भिस्त नको.

वरही सगळं आलबेल नाही. काळी माती बुटाला असे थर चढवते की दर थोड्या वेळाने थांबून काडीने खरवडावी लागते. वेळेचा हिशेब तिथेच कोलमडतो. ओहळांनी कापलेल्या घळी उड्या मारून नाही, चालतच ओलांडाव्यात, कारण आतल्या बाजूला थेट उतार आहे.

आणि वीज. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात कड्यावर आसपास सगळ्यात उंच तुम्हीच असता. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहाएक किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा ना वर, ना खाली, ना कडुनिंबाखाली. सरळ गावातलं पक्कं घर गाठायचं. निघण्याआधी विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप बघून घ्या.

उघडीप मिळालीच आणि खाली जायचा मोह आवरला नाही, तर गावाकडून ‘धार’ या झऱ्यापर्यंत उतरून परत फिरा.